इंदूरच्या कमलाबाई : प्रयोगशाळेपासून ताटापर्यंत



नवीन सत्र सुरू झाले की आमच्या टेबलावर अकरावीच्या विषय-निवडीचे अर्ज जमू लागतात. गेल्या सत्रातील एक अर्ज आम्ही अजून विसरलेलो नाही. दहावीत उत्तम गुण मिळवलेल्या एका मुलीने जीवविज्ञान समूह घेतला होता. पंधरा दिवसांनी तिचे वडील विषय बदलण्याचा अर्ज घेऊन आले. प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ होते, घर लांब आहे, असे कारण होते. वडील काळजीने बोलत होते आणि आम्हांलाही ते पटले. आम्ही सही केली. मुलगी शेजारीच उभी होती. तिला काय हवे आहे, हे आम्ही विचारलेच नाही.

म्हणून या अंकात आम्ही आपल्याच इंदूरमध्ये जन्मलेल्या एका मुलीची जीवनकथा सांगणार आहोत. तिलाही एका मोठ्या माणसाने नाही म्हटले होते. त्या मुलीचे नाव कमला भागवत, म्हणजेच पुढे प्रसिद्ध झालेल्या जीवरसायन-शास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म 1911 साली इंदूर येथे झाला. घरात विद्येचे वातावरण होते. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. थोरली बहीण दुर्गा हीसुद्धा इंदूरचीच. लोकसाहित्याच्या अभ्यासक म्हणून आणि 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा म्हणून दुर्गा भागवत हे नाव मराठी वाचकांना परिचित आहेच. एक बहीण ग्रंथालयात रमली, दुसरी प्रयोगशाळेत.

1933 साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायन व भौतिक हे विषय घेऊन उत्तीर्ण झाल्या. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. पुढील संशोधनासाठी त्यांनी बंगळूरच्या संस्थेकडे अर्ज केला. वडील आणि काका जिथे शिकले, तिथेच आपणही जायचे, हे त्यांनी गृहीतच धरले होते. पण अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, 1930 चे नोबेल पारितोषिक मिळवलेले जगप्रसिद्ध वैज्ञानिक. मुलींना संस्थेत घेणार नाही, एवढेच कारण त्यांनी दिले.

इथे क्षणभर विचार करावा. बावीस वर्षांची मुलगी आणि समोर साऱ्या देशाला अभिमान वाटावा असा माणूस! अनेकांनी हा निर्णय निमूटपणे मान्य केला असता. कमलाबाई मात्र थेट बंगळूरला गेल्या, संचालकांच्या समोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. गुण कमी असतील तर तसे सांगावे, पण केवळ मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला जात असेल तर आपण येथून हलणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे होते आणि कमलाबाईंनीही तोच मार्ग धरला.

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, परंतु अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम समाधानकारक वाटले तरच ते मान्य होणार होते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरासुद्धा, काम करावे लागणार होते. शिवाय त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशीही अट होती. या अटींचा अपमान कमलाबाईंना आयुष्यभर बोचत राहिला आणि ते त्यांनी लपवून ठेवले नाही. पण अटी स्वीकारून त्या कामाला लागल्या. त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे होते, पण शिकवण्यात त्यांनी हात आखडता घेतला नाही.

कमलाबाईंनी निवडलेला विषय साधा वाटेल : दूध आणि डाळी-कडधान्ये यांतील प्रथिने. परंतु आपल्या देशात ज्यांच्या ताटात मांस-मासे नसतात, किंवा परवडत नाहीत, त्यांची प्रथिनांची गरज डाळ आणि दूधच भागवतात. त्या प्रथिनांचे स्वरूप काय, प्रमाण किती, हे शोधणे म्हणजे गरिबाच्या जेवणाचा हिशेब मांडणेच होते. वर्षभरात रामन यांची खात्री पटली. 1936 साली कमलाबाईंना एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली आणि त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. रामन यांच्याविषयीचा आमचा आदर या कथेने कमी होत नाही. पण मोठ्या माणसाचेही चुकू शकते आणि ती चूक कोणीतरी दाखवून द्यावी लागते, हे मुलांना कळलेले बरे.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. न्यूनहॅम कॉलेजमध्ये राहून त्यांनी जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी नोबेल मिळवलेल्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले. बटाट्यावर काम करता करता त्यांचे लक्ष पेशीतील ‘सायटोक्रोम सी’ या द्रव्याकडे गेले. सजीव पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते, त्या साखळीतील हा एक दुवा आहे. वनस्पतींच्या पेशींतही तो असतो आणि श्वसनक्रियेत भाग घेतो, हे त्यांनी दाखवले. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रकल्पाच्या वहीची पाने मोजणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा चाळीसचा आकडा जरूर लक्षात ठेवावा!

आणखी एक गोष्ट पालकांना आश्चर्याची वाटेल. त्या काळी केंब्रिज विद्यापीठातही स्त्रियांना पदवीचे पूर्ण अधिकार नव्हते. ते 1948 साली मिळाले. म्हणजे दार बंद ठेवण्याचा दोष केवळ आपल्याच देशाचा नव्हता.

कमलाबाई परदेशात थांबल्या नाहीत. 1939 मध्येच परतून त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात जीवरसायन विभाग सांभाळला, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. 1947 साली विमागणिततज्ज्ञ श्री. माधव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुंबईला आल्यावर तेथील विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या आणि खऱ्या अर्थाने त्यांचे संशोधन लोकांच्या स्वयंपाकघरात पोचले.

त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थ एकेक करून तपासले. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला अडवणारे घटक असतात, त्यामुळे प्रथिने नीट पचत नाहीत. चांगले शिजवल्यावर हे घटक बहुतांशी निकामी होतात. 1950 च्या दशकात कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत या घटकांवर काम झाले. वालाची उसळ कच्ची राहिली की आजी का रागावते, याचे उत्तर अशा संशोधनात आहे.

दुसरा विषय होता नीरा. ताड-माडाचा हा गोड रस पहाटे काढतात. ऊन चढले की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी ताज्या नीरेचा अभ्यास हाती घेतला. तिच्यात जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे व तिचा गूळ केल्यावरही त्यातील बराच अंश टिकत असल्याचे दिसून आले. आदिवासी भागांतील कुपोषित किशोरवयीन मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्या झाडाखाली लोक नशेसाठी जमत, त्याच झाडाच्या रसात त्यांनी मुलांसाठी पोषण शोधले.

मुंबईच्या आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाच्या दर्जाबाबत त्या सल्ला देत असत. इतके सगळे करूनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना काही वर्षे थांबावे लागले, आणि त्यामागे स्त्री असणे हेच कारण असल्याचे सांगितले जाते. पुढे त्या संचालक झाल्या. बंगळूरला मिळालेला विजय एकदाच मिळवून पुरला नाही, हे यावरून दिसते.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. 1966 साली मुंबईत काही महिलांनी ग्राहकांना मार्गदर्शन करणारी एक संस्था स्थापन केली होती. कमलाबाई तिचे काम करू लागल्या आणि 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या. अन्नातील भेसळ आणि वस्तूंची सुरक्षितता यांविषयी त्या सोप्या भाषेत लिहीत. प्रयोगशाळेतले ज्ञान बाजारात पिशवी घेऊन निघालेल्या गृहिणीच्या उपयोगी पडले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. 1998 साली दिल्लीत त्यांच्या सत्काराच्या समारंभातच त्यांना भोवळ आली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

मित्रमैत्रिणींनो, आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शाळेत वैज्ञानिकांचे धडे वाचले, पण आपल्याच शहरात जन्मलेल्या कमलाबाईंचे नाव आम्हांला बऱ्याच उशिरा कळले. तुमच्या बाबतीत तसे होऊ नये असे वाटते.

परंतु नुसते नाव माहीत होऊन भागणार नाही. बंगळूरच्या त्या अटी वाचून आपल्याला राग येतो. मग आपणही आपल्या मुलींना अशाच अटी घालत नाही ना? शिक, पण अंधार पडायच्या आत घरी ये. विज्ञान घे, पण प्रॅक्टिकल लवकर संपत असेल तर. पालकांची काळजी खोटी नाही, हे आम्ही जाणतो. पण काळजीवर उपाय करायचा की मुलीचा विषय बदलायचा, हे ठरवणे आपल्या हाती आहे. गेल्या वर्षी आम्ही सोपा मार्ग निवडला, याची खंत आहे. त्या मुलीने घेतलेले गृहविज्ञान हेसुद्धा विज्ञानच आहे. कमलाबाईंचे अर्धे आयुष्य अन्नाच्या अभ्यासातच गेले. प्रश्न फक्त एवढाच की, ते तिने स्वतः निवडले होते का?

या सत्रापासून विषय बदलण्याच्या कोणत्याही अर्जावर विद्यार्थी वा विद्यार्थिनीशी स्वतंत्र बोलल्याशिवाय आम्ही सही करणार नाही. अकरावी-बारावीची प्रॅक्टिकल दुपारच्या तासिकांत घेता यावीत, म्हणून प्रयोगशाळेत आणखी दोन टेबले व एक सहायक यांची विनंती आम्ही विश्वस्त मंडळाकडे केली आहे. मंडळ सहानुभूतीने विचार करील अशी आशा आहे.

आणि गेल्या वर्षीच्या त्या मुलीला आम्ही पुन्हा बोलावले आहे. या वेळी आधी तिचे ऐकून घेऊ.