वर्ध्याचे खानखोजे आणि मेक्सिकोचा मका

पावसाळा सुरू झाला की जोगेश्वरी स्टेशनबाहेर आणि तिथून आरेच्या कडेने पवईकडे जाणाऱ्या लिंक रोडवर भुट्टेवाल्यांच्या शेगड्या पेटतात. कोळशावर भाजलेले कणीस, त्यावर लिंबू आणि तिखटमीठ. मुंबईच्या पावसात इतका मुरलेला हा मका मूळचा इथला नाही. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी एका रानगवतापासून तो घडवला. त्याच मेक्सिकोत जाऊन तिथल्या शेतकऱ्यांसाठी मका सुधारायला बसलेला एक माणूस मात्र आपल्या वर्ध्याचा होता. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

गदर पक्षाचे क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव अनेकांना ठाऊक असते. शेतीशास्त्रज्ञ म्हणून ते फारसे आठवले जात नाहीत. उष्णता वाढत असताना आणि पाऊस बेभरवशाचा झालेला असताना हीच बाजू जास्त कामाची आहे.

त्यांचा जन्म १८८० च्या दशकातला. शाळकरी वयातच मध्य प्रांत आणि वऱ्हाडावर दोन मोठे दुष्काळ आले, पहिला १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. दुष्काळात माणसे केवळ अन्नाविना मरत नाहीत. खंगलेल्या शरीराला कॉलरा, हगवण, हिवताप गाठतात, आणि मृत्यूच्या नोंदीत आजाराचे नाव लागते. त्या काळात वाढलेल्या मुलाला शेती हा राजकारणाइतकाच जिव्हाळ्याचा विषय वाटला, यात नवल नाही.

लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखाली आलेले खानखोजे १९०६ मध्ये देशाबाहेर पडले. जपानमार्गे अमेरिकेत पोहोचले. लष्करी शिक्षण घ्यायचे हा मुख्य हेतू, पण त्याबरोबर त्यांनी कृषिशास्त्र निवडले आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कृषी महाविद्यालयांत ते शिकले. १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला, तेव्हा त्याच्या संस्थापकांत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या डोंगराळ भागात टोळीवाल्यांना सोबत घेऊन इंग्रजी फौजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. पुढे बर्लिन, मॉस्को. हा सगळा भाग एखाद्या चित्रपटासारखा आहे आणि त्यावर बरेच लिहिलेही गेले आहे, म्हणून इथे तो आवरता घेऊ. भारतात परतीची वाट इंग्रजांनी बंद केली होती. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत उतरले, हाती पदवी आणि चाळिशीकडे झुकलेले वय.

मेक्सिकोत तेव्हा दहा वर्षांची क्रांती नुकतीच शमली होती. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी भूमिहीनांना वाटण्याचे काम चालू होते. जमीन मिळाली, पण बियाणे जुने, औजारे नाहीत, शिकवणारे कोणी नाही. राजधानीजवळ चापिंगो येथे राष्ट्रीय कृषी विद्यालय होते. तिथे खानखोजे प्राध्यापक झाले.

त्यांच्या संशोधनाचा गाभा समजून घ्यायला मक्याचा पूर्वज पाहावा लागतो. त्याला टिओसिंटे म्हणतात. हे रानगवत मेक्सिकोत मक्याच्या शेताच्या बांधावर आजही उगवते. त्याच्या कणसात पाच ते बारा दाणे, प्रत्येक दाणा दगडासारख्या कठीण कवचात. खाण्याच्या दृष्टीने बिनकामाचे. पण शेकडो पिढ्या कोणाच्याही देखभालीविना तगलेले, आणि मक्याशी त्याचा संकर होतो. पिकाने माणसाच्या हाताखाली दाणे वाढवले, मात्र काटकपणा वाटेत गमावला. तो रानातल्या नातेवाइकाकडून परत मागून आणायचा, ही कल्पना. खानखोजे यांनी टिओसिंटे आणि मक्याचे संकर केले आणि एकाच ठिकाणी कणसांचा झुपका धरणारी ताटे वाढवली. प्रसिद्ध छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी या कामाची छायाचित्रे काढली. मक्याशिवाय गव्हावरही त्यांचे काम होते.

हे सगळे प्रयोग पुढे व्यवहारात मोठे ठरले असे म्हणता येणार नाही. कणसांचे झुपके पाहायला छान, पण जास्त कणसे म्हणजे जास्त धान्य असे सरळ गणित नसते. ताटाला मिळणारे पाणी आणि अन्न तेवढेच राहते, ते अधिक तोंडांत वाटले जाते. मात्र दिशा बरोबर होती, हे नंतरच्या काळाने दाखवले. १९७० मध्ये अमेरिकेतला बहुतेक संकरित मका एकाच प्रकारच्या मातृवाणावर उभा होता. करप्याची एक बुरशी आली आणि देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. सगळे एकसारखे असले की एक रोग पुरतो, हे साथी पाहिलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

मक्याचे उष्णतेशी असलेले वाकडे असेच पाहण्याजोगे आहे. तुरा वर, कणीस खाली, आणि कणसाचा प्रत्येक केस म्हणजे एका दाण्याकडे जाणारी वाट. परागकण पडण्याच्या दिवसांत केस बाहेर आलेले असावे लागतात. पाणी तुटले की तुरा वेळेवर येतो, केस मात्र मागे राहतात. मग कणीस दिसते, दाणे नसतात. अति उष्णतेत परागकणही निकामी होतात. हे अंतर कमी असलेली झाडे निवडत गेल्यास दुष्काळात तग धरणारे वाण मिळतात, आणि असे वाण आफ्रिकेतल्या शेतांत पोहोचलेही आहेत. निकाराग्वातला एक टिओसिंटे पाणी साचलेल्या जमिनीत वाढतो, कारण त्याच्या मुळांत हवेच्या नळ्या असतात. तो गुण मक्यात आणण्याचे प्रयत्न झाले आहेत.

खानखोजे यांचे दुसरे काम मला, म्हणजे या विषयाकडे आरोग्याच्या अंगाने पाहणाऱ्या कोणालाही, जास्त महत्त्वाचे वाटावे असे आहे. त्यांनी गावोगावी शेतीच्या मोफत शाळा सुरू केल्या. दिवसभर राबणारे शेतकरी तिथे बियाणे निवडायला, माती ओळखायला शिकत. एका शाळेला क्रांतीतला शेतकरी नेता एमिलियानो झापाता याचे नाव होते. चित्रकार दिएगो रिव्हेरा या चळवळीचे मित्र. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांनी एक पंगत रंगवली आहे. तिच्या शिरोभागी बसून भाकर मोडणारा माणूस म्हणजे खानखोजे, असे मानले जाते.

ज्ञान एकाच बाजूने वाहत नव्हते. मेक्सिकन बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. चुन्यामुळे मक्यात अडकलेले नायसिन मोकळे होते. युरोप-अमेरिकेने मका उचलला, ही रीत मागे ठेवली, आणि इटलीपासून अमेरिकेच्या दक्षिणेपर्यंत गरिबांत पेलाग्रा पसरला. उन्हात सोलून निघणारी कातडी, जुलाब, शेवटी भ्रमिष्टपणा. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही हा आजार दिसत असे. पोटभर खाऊनही माणूस उपाशी राहू शकतो, तो असा.

१९४३ पासून अमेरिकी मदतीने चापिंगोच्याच परिसरात मोठा संशोधन प्रकल्प उभा राहिला. नॉर्मन बोरलॉग पुढच्या वर्षी तिथे आले. त्यांच्या बुटक्या गव्हाने पुढे हरितक्रांती घडवली. पाणी आणि खत भरपूर असेल तिथे त्या वाणांनी कमाल केली, कोरडवाहू शेतकरी मात्र बराच काळ मागे राहिला.

खानखोजे यांनी १९३६ मध्ये बेल्जियन असलेल्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केले. त्यांना दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी परतण्यासाठी अर्ज केला, तो आधी नाकारला गेला. इंग्रजांनी घातलेली बंदी स्वतंत्र भारताच्या कागदांतही शिल्लक होती! ती उठल्यावर ते आले आणि पुढे नागपुरात स्थायिक झाले.

१९६६ मध्ये देशात लागोपाठ दुष्काळ पडत असताना भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. त्याच वर्षी चापिंगोपासून जवळच मका आणि गव्हाचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. मक्याच्या हजारो देशी वाणांचे आणि टिओसिंटेचे बियाणे आज तिथल्या शीतगृहात जपलेले आहे. खानखोजे तेव्हा नागपुरात होते. १९६७ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. चापिंगोच्या आवारात त्यांचा पुतळा बसला तो २०२२ मध्ये.