एक्स्प्लेनर : पेशी हलताना पाहिल्या नाहीत, तरी त्यांचा प्रवास ओळखला! गर्भातल्या मेंदूचा माग काढणारे काहाल कोण होते?

डिजिटल डेस्क, छत्रपती संभाजीनगर : आईच्या पोटात बाळाचा मेंदू घडत असताना बहुतेक चेतापेशी जिथे जन्मतात तिथे राहत नाहीत. त्या सरकत सरकत आपल्या ठरलेल्या थरात पोहोचतात. ही वाट चुकली तर मेंदूवर नेहमीच्या घड्या पडत नाहीत, तो गुळगुळीत राहतो. अशा बाळांना फिट येतात, वाढ मंदावते. या आजाराला लिसेनसेफली म्हणतात. पेशींच्या या प्रवासाचा माग १८९० मध्येच काढणाऱ्यांपैकी एक होते स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल.

चित्रकार व्हायचं होतं, पण...

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ चा. मुलाला चित्रकलेचं वेड, तर सर्जन असलेल्या वडिलांना ते अजिबात मान्य नव्हतं. शिस्त लागावी म्हणून त्यांनी मुलाला न्हाव्याकडे आणि जोडे शिवणाऱ्याकडे कामाला ठेवलं. पुढे त्यांनीच शरीररचना शिकवताना त्याला हाडांची चित्रं काढायला लावली आणि मुलाची गाडी रुळावर आली. १८७३ मध्ये ते डॉक्टर झाले. लष्करी डॉक्टर म्हणून क्युबाला गेले आणि मलेरियाने खंगून परतले.

नेमकं काय केलं?

१८८७ मध्ये त्यांनी इटलीच्या कामिलो गोल्जी यांची चांदीच्या क्षाराची रंगपद्धत पाहिली. यात हजारो पेशींपैकी मोजक्याच काळ्या होतात, पण पूर्ण दिसतात. प्रौढ मेंदूत तरीही गुंता होता. काहाल यांनी भ्रूण आणि नवजात प्राण्यांचा मेंदू निवडला, कारण तिथे तंतूंवर चरबीचं आवरण चढलेलं नसतं.

मेंदू म्हणजे एकसलग जाळं, असं गोल्जी मानत. प्रत्येक चेतापेशी सुटी असते, हे काहाल यांनी दाखवलं. पेशी सुटी आहे म्हटल्यावर ती कुठून कुठे जाते, हाही प्रश्न पुढे आला.

स्थिर चित्रातून हालचाल कशी कळली?

१८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात त्यांना वाढत्या तंतूच्या टोकाशी शंकूसारखा फुगवटा दिसला. लहान मेंदूत काही पेशी बाहेरच्या थरात, काही अर्ध्या वाटेवर, तर काही आत स्थिरावलेल्या दिसल्या. हे एकाच प्रकारच्या पेशीच्या प्रवासाचे टप्पे आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बसचे प्रत्येक थांब्यावरचे फोटो जोडून मार्ग ओळखावा, तसाच हा प्रकार.

आज त्याचं काय?

१९०६ चं नोबेल काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळालं. तेव्हाही गोल्जी जाळ्याच्या मतावर ठाम होते. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये काहाल यांचं निधन झालं.

१९७० च्या दशकात पास्को राकिच यांनी दाखवलं, की मोठ्या मेंदूत अनेक पेशी लांब आधारतंतूंना धरून वर चढतात. नंतर आलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून वरचा मजला गाठतात. काहाल यांनी मेंदूच्या अगदी वरच्या थरात पाहिलेल्या पेशी रीलिन नावाचं प्रथिन सोडून ही रचना लावायला मदत करतात, हे १९९५ मध्ये कळलं. रीलिनच्या जनुकात बिघाड झाला, तर लिसेनसेफलीचा एक प्रकार होतो.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांच्या गटाने २००७ मध्ये उंदराच्या भ्रूणात भावनांशी संबंधित अमिग्डालाकडे जाणारा पेशींचा असाच एक प्रवाह दाखवला. काहाल यांनी काचपट्टीवर सुरू केलेला शोध अजून थांबलेला नाही.