अर्नेस्ट बेविन : गोदी कामगारांचा वकील

दुसऱ्या महायुद्धानंतरचे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री म्हणून अर्नेस्ट बेविन यांची इतिहासात नोंद आहे. आम्हांला मात्र त्यांचे चरित्र महत्त्वाचे वाटते ते एका वेगळ्या कारणाने. वयाच्या अकराव्या वर्षी ज्याची शाळा सुटली, त्या माणसाने विद्वानांच्या आकड्यांना कामगारांच्या ताटातून उत्तर दिले.

बेविन यांचा जन्म मार्च १८८१ मध्ये इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील विन्सफर्ड या खेड्यात झाला. वडील कोण, हे त्यांना कधीच कळले नाही. आईने मोलमजुरी करून त्यांना वाढवले. ते आठ वर्षांचे असताना तीही गेली. सावत्र बहिणीच्या आधाराने थोडे शिक्षण झाले आणि मग शेतमजुरी नशिबी आली. पुढे ब्रिस्टॉल शहरात पडेल ते काम करीत ते घोडागाडीवर सोड्याच्या बाटल्या पोहोचवणारे गाडीवान झाले. दिवसभर कष्ट उपसून ते प्रौढांच्या वर्गांना जात आणि वाचन करीत.

त्या काळी गोदीतील काम म्हणजे अनिश्चिततेचे दुसरे नाव होते. रोज सकाळी गोदीच्या दाराशी माणसांची झुंबड उडे. मुकादम बोट दाखवील त्याला काम मिळे, उरलेले रिकाम्या हातांनी घरी परतत. १८८९ साली लंडनच्या गोदी कामगारांनी महिनाभर संप करून तासाला ६ पेन्स मजुरी मिळवली. त्या संपाचे एक पुढारी बेन टिलेट होते. त्यांच्याच संघटनेत १९१० साली बेविन यांनी ब्रिस्टॉलच्या गाडीवानांची शाखा उभी केली.

१९२० साली गोदी कामगारांच्या मजुरीसंबंधी लॉर्ड शॉ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय बसले. कामगारांची बाजू बेविन यांनी मांडली. त्यांचे पहिले भाषणच काही दिवस चालले. मालकांच्या वतीने अर्थशास्त्राचे प्राध्यापक बाउली यांनी कामगाराच्या कुटुंबाला किती खर्च पुरेसा आहे, याचा हिशेब सादर केला. बेविन यांनी त्या हिशेबात बसेल तेवढेच अन्न विकत आणले, शिजवले आणि एकेका माणसाच्या वाट्याला येणारा घास ताटांत वाढून न्यायालयापुढे ठेवला. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाने एवढ्यावर दिवस काढायचा काय, हा प्रश्न मग वेगळा विचारावा लागला नाही. न्यायालयाने दिवसाला १६ शिलिंग किमान मजुरीची शिफारस केली आणि रोजंदारीच्या त्या पद्धतीवर कडक टीका केली. लोक बेविन यांना गोदी कामगारांचा बॅरिस्टर म्हणू लागले.

१ जानेवारी १९२२ रोजी अनेक संघटना एकत्र येऊन वाहतूक व सामान्य कामगारांची महासंघटना स्थापन झाली. बेविन तिचे सरचिटणीस झाले. १९४० मध्ये ते मजूरमंत्री झाले. युद्धकाळात संपबंदीचा आदेश त्यांच्याच खात्याने काढला, हीही बाजू इतिहासाने नोंदवलीच पाहिजे. परंतु गोदीतील रोजगाराचे नियमन करण्याची घडीही त्याच काळात बसली. १९४७ साली ती कायमस्वरूपी झाली आणि काम नसलेल्या दिवशीही हजर राहणाऱ्या नोंदणीकृत कामगाराला ठरावीक रक्कम मिळू लागली. १४ एप्रिल १९५१ रोजी बेविन यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचा धागा आपल्या देशाशीही जुळलेला आहे. भारतीय तरुण कारागिरांना ब्रिटनच्या कारखान्यांत शिकण्यासाठी पाठवणारी योजना १९४१ साली बेविन यांच्या नावाने सुरू झाली. १९४२ ते १९४६ या काळात ज्या मजूर खात्याकडे ती होती, त्याची सूत्रे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती होती. पुढे १९४८ साली भारतातही गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला.

बेविन यांच्या चरित्रातून आम्ही एवढेच घेतो : दुसऱ्याने मांडलेला आपल्या भुकेचा हिशेब तपासता आला पाहिजे. त्यासाठी अक्षर हवे, अंक हवा आणि पाठीशी संघटना हवी. बेविन यांना शाळा पुरती लाभली नाही, तरी ते या तिन्ही गोष्टी मिळवत गेले. आपल्या मुलांना तर शाळा लाभली आहे. ती ज्या दिवशी एखाद्या कष्टकऱ्याचा हिशेब त्याच्या बाजूने मांडतील, त्या दिवशी त्यांच्या शिक्षणाचे चीज झाले, असे आम्ही समजू.