दुकान, दर्स आणि घर : इमाम अबू हनीफा (रह.) यांचा हिशोब

रमजान आला की आपल्याकडे घरोघरी एकच चित्र असते. दुकान मध्यरात्रीपर्यंत उघडे, घरचा कर्ता गल्ल्यावर, आणि ईदच्या दिवशी मुलांशी बोलायलाही अंगात त्राण उरत नाही. धंदा सांभाळायचा की घर, हा प्रश्न आम्हालाही पडतो. म्हणून आज एका व्यापाऱ्याची आठवण काढतोय. जग त्यांना फिकहचे इमाम म्हणून ओळखते, पण ते कापडाचे व्यापारी होते हे आपण विसरूनच जातो.

हजरत इमाम अबू हनीफा (रह.) यांचे नाव नोमान बिन साबित. जन्म हिजरी ८० (इ.स. ६९९), इराकमधल्या कूफा शहरात. रेशीम-लोकरीच्या 'खज' कापडाचा त्यांचा व्यापार. तरुणपणी पाय बाजाराकडेच वळत. इमाम शाबी यांनी त्यांची हुशारी हेरली आणि आलिमांच्या मजलिसीत बसायचा सल्ला दिला. पुढे हजरत हम्माद यांच्याकडे सुमारे १८ वर्षे ते शिकले. हिजरी १२० मध्ये उस्ताद वारले आणि दर्सची जबाबदारी त्यांच्यावर आली.

मग दुकान बंद केले का? मुळीच नाही. त्यांनी कामाची वाटणी केली. हफ्स बिन अब्दुर्रहमान हे हिस्सेदार माल घेऊन फिरत. चरित्रकार सांगतात, इमामसाहेब सकाळी ऊन वर आल्यापासून जोहरपर्यंत बाजारात बसत. बाकी वेळ दर्स आणि इबादत. शुक्रवारी सोबत्यांना घरी जेवायला बोलवत. शनिवारी ना बाजार, ना मजलिस. तो दिवस घरच्या कामांचा.

पैशाचेही तसेच. घरखर्चासाठी ४००० दिरहमपेक्षा जास्त रक्कम जवळ ठेवायची नाही, असा त्यांचा नेम सांगितला जातो. वर्षाचा नफा जमला की त्यातून आलिमांसाठी धान्य, कपडे घेत आणि उरलेली रक्कमही त्यांनाच देत. गरीब शागीर्द अबू यूसुफ यांचे शिक्षण अशाच मदतीवर पार पडले. तेच पुढे मोठे काझी झाले.

एकदा एका कापडात खोट होती. गिऱ्हाईकाला ती दाखवूनच विका, असे त्यांनी हफ्स यांना बजावले होते. हफ्स विसरले, गिऱ्हाईकही निघून गेले. इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली.

या शिस्तीचा खरा कस पुढे लागला. सत्ताधाऱ्यांनी काझीपद देऊ केले, त्यांनी नाकारले. फटके खाल्ले, खलीफा मन्सूरच्या काळात कैद भोगली, आणि हिजरी १५० (इ.स. ७६७) मध्ये बगदादेत ते वारले. रोजीरोटी दरबाराच्या हातात असती, तर हा नकार कितीतरी अवघड गेला असता.

आपले दुकान छोटे असेल, पण हिशोब तोच आहे. या ईदनंतर घरच्या सगळ्यांना घेऊन एकदा बसू या. आठवड्यातला एक दिवस घराचा ठरवू, जकातीची तारीख ठरवू, सीझनला भरवशाचा माणूस जोडू, आणि घरखर्चाची रक्कम धंद्याच्या पैशांपासून वेगळी काढू. रिज्क देणारा अल्लाह आहे. वेळेची वाटणी मात्र आपल्यालाच करायची आहे.