विश्लेषण : ड्रॅगनच्या पाठीवरून भारतात आलेला भिक्खू खरा होता? कोण होता युआन श्वांग?

गेम आणि अ‍ॅनिमे पाहणाऱ्या मुलांना माकडांचा राजा सुन वुकोंग ओळखीचा आहे. ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूचे नावही त्याच्यावरूनच आले. वुकोंग मूळचा ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीतला. त्यात त्याचा गुरू पांढऱ्या घोड्यावरून भारतात येतो आणि तो घोडा म्हणजे रूप बदललेला ड्रॅगन असतो. ड्रॅगन काल्पनिक, पण गुरू मात्र खरा होता.

कोण होता हा गुरू?

युआन श्वांग, म्हणजेच ह्युएन त्संग. जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास, चीनमधल्या लुओयांगजवळ. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत एकवाक्यता नव्हती, म्हणून त्याला मूळ ग्रंथ हवे होते. सरहद्द ओलांडायला बंदी होती. तरीही ६२९ च्या सुमारास तो परवानगीशिवाय निघाला.

वाळवंटात काय घडले?

त्याच्याकडे एका म्हाताऱ्याने दिलेला तांबूस, हडकुळा घोडा होता. वाटाड्या अर्ध्यावर परतला. पाण्याची पखाल हातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. तो मागे वळलाही. पण भारत गाठल्याशिवाय पूर्वेकडे पाऊल टाकायचे नाही, ही शपथ आठवून पुन्हा पश्चिमेला निघाला. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. अखेर घोड्यानेच वाट सोडून त्याला गवत आणि पाण्यापर्यंत नेले.

मग ड्रॅगन कुठून आला?

कादंबरीची १०० प्रकरणांची आवृत्ती १५९२ मध्ये छापली गेली. त्यात पश्चिम समुद्राच्या ड्रॅगनराजाचा मुलगा गुरूचा घोडा गिळतो आणि मग स्वतःच घोडा होऊन त्याला वाहून नेतो. चिनी ड्रॅगन सहसा आग ओकत नाही. तो पाण्याचा आणि पावसाचा स्वामी. बौद्ध ग्रंथांतल्या ‘नागा’साठी चिनी भाषांतरकारांनी ड्रॅगनचाच शब्द वापरला.

महाराष्ट्राशी संबंध काय?

नालंदात त्याने आचार्य शीलभद्रांकडे अध्ययन केले. ६४१ च्या सुमारास तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात आला. इथली माणसे स्वाभिमानी, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा बदला घेणारी असल्याची नोंद त्याने केली.

पुढे काय झाले?

६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी परतला. बंदी मोडून गेलेल्या या भिक्खूचे सम्राट ताइझोंगने स्वागत केले. ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने सुमारे ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले.

कादंबरीत काय हरवले?

कादंबरीतला गुरू भित्रा आहे. संकट आले की तो रडतो आणि लढतो वुकोंग. मुलांना आवडणारे ते धाडस मुळात या माणसाचे होते. त्या पाच दिवसांत त्याच्यासोबत ना वुकोंग होता, ना ड्रॅगन. होता तो फक्त एक म्हातारा घोडा.