नाट्यगृहाच्या प्रतिकृतीपासून चित्रपटापर्यंत : कलाभवनचे विद्यार्थी दादासाहेब फाळके

१८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या एका प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. ती करणारा बावीस वर्षांचा तरुण आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला होता. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखू लागला. पण बडोद्याच्या मराठी मंडळींनी आधी आठवायला हवे ते हे पदक, कारण पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ त्या छोट्या नाट्यगृहात आहे असे आम्हाला वाटते.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. घरची अपेक्षा मुलाने शास्त्राध्ययन करावे अशी असणे स्वाभाविक होते, पण मुलाचा ओढा हाताच्या कामाकडे होता. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा करून वडीलबंधू शिवरामपंतांबरोबर बडोद्यास आला.

१८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केले. तिथे केवळ चित्रे काढायला शिकवत नसत. रंगकाम, वास्तुरचना, मातीकाम, ठसे बनवणे, छपाई, रसायने असे सगळे एका छपराखाली होते. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर स्वतः रसायनशास्त्राचे जाणकार. विद्यार्थ्याने एकच विद्या धरून बसावे असा त्यांचा आग्रह नव्हता. फाळक्यांनी तैलरंग आणि जलरंग शिकून घेतले, वास्तुरचना आणि प्रतिकृतीकाम शिकले, छायाचित्रणात शिरले. तीन रंगांच्या छपाईचे ठसे करण्याची विद्या शिकायला गज्जरांनी त्यांना रतलामला धाडले. आज जिथे विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे ती आपण सर्वांनी बाहेरून पाहिलेली वास्तू, त्या मुलाची ती कार्यशाळा होती.

आता नाट्यगृहच का? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून, म्हणजे १८८० पासून, संगीत नाटक जोरात होते. मंडळ्या गावोगाव फिरत, जागा मिळेल तिथे खेळ लावत. मागे बसलेल्याला दिसेल, ऐकू येईल, पडदे झटपट वर जातील अशी जागा कशी असावी हा त्या काळचा जिवंत प्रश्न होता. त्याचे उत्तर कागदावरच्या नकाशापेक्षा प्रतिकृतीत लवकर सापडते.

ज्यांनी कधी प्रतिकृती केली नाही त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो. आयुष्य आकडेमोडीत गेले, त्यामुळे तो मोह आवरत नाही. समजा आपण एक फुटाला पाव इंच हे प्रमाण धरले. म्हणजे सगळे अठ्ठेचाळीसपट लहान. ८० फूट लांबीचे सभागृह २० इंचांत बसते, ३० फूट रुंदीचा रंगमंच साडेसात इंचांचा होतो आणि साडेपाच फुटांचा माणूस जेमतेम १.४ इंचाचा. एकदा प्रमाण ठरले की ते कुठेही मोडून चालत नाही. पायरी, दाराची उंची, खुर्चीची पाठ, सगळ्याला तोच भागाकार. एक कठडा जाड राहिला तरी पाहणाऱ्याला सारी इमारत खेळण्यासारखी वाटते. मग शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यापासून रंगमंचाच्या काठापर्यंत दोरा ताणून पाहायचा. मध्ये कोणाचे डोके आले तर उतार वाढवायचा. खरी इमारत उभी राहिल्यावर जी चूक हजारो रुपयांना पडेल, ती इथे पुठ्ठ्याच्या एका तुकड्यात निस्तरते.

रंगाचेही तसेच. खऱ्या भिंतीचा रंग जसाच्या तसा छोट्या भिंतीला दिला तर तो गडद आणि जड दिसतो. वीतभर प्रतिकृती पाहताना आपण जणू दुरून खरी इमारत पाहत असतो आणि दुरून रंग फिके होतात. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा किंवा करडा मिसळावा लागतो. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. दूरचे डोंगर निळसर आणि फिके केले की दहा फुटांच्या पडद्यात कोसभर अंतर उभे राहते. फाळक्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदेही पुढे रंगवले.

पदकाने पोट भरत नाही. कलाभवनच्या स्टुडिओत काही काळ काम करून फाळके गोध्र्याला गेले आणि त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला. तिथे १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. तिशीतला माणूस रिकाम्या हाताने बडोद्यास परतला. फोटो काढला की आयुष्य घटते या समजुतीमुळे गिऱ्हाईक येईना. या काळात ते एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपले नाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून प्रयोग करू लागले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई. पुढची गोष्ट त्यांच्याशिवाय घडलीच नसती.

मग पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी, ती सोडून लोणावळ्याला आणि नंतर दादरला छापखाना, १९०९ मध्ये रंगीत छपाई शिकण्यासाठी जर्मनीची वारी, आणि शेवटी छापखान्यातूनही बाहेर. चाळिशी गाठलेला, मुलेबाळे असलेला आणि उत्पन्न नसलेला गृहस्थ. १९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावात त्याने ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या राम-कृष्णांना पडद्यावर आणायचे ठरवले.

हे ठरवणे किती धोक्याचे होते ते आम्हा बँकवाल्यांना लगेच कळते. तारण काय, तर विम्याची पॉलिसी आणि घरातले डागिने. अनुभव शून्य. बाजारात या मालाला मागणी आहे याचा पुरावा नाही. आमच्यापुढे असा अर्ज आला असता तर शेरा काय पडला असता हे सांगायला नको. फाळक्यांनी मात्र पुरावाच तयार केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ अंकुराची वाढ एकेक चित्र करून टिपली. पडद्यावर बी फुटून वेल भराभर वर चढताना दिसला. तो पाहून ओळखीच्या मंडळींनी कर्ज दिले. पॉलिसी गहाण पडली आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. दोन महिन्यांत विल्यमसन कॅमेरा घेऊन आणि तंत्र शिकून परत आले.

वाटाण्याच्या वेलाची ती चिकाटी प्रतिकृती करणाऱ्याची आहे. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. त्यात काड्या आपापल्या हलताना दिसत. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे जात; म्हणजे मिनिटभराच्या गमतीसाठी ९६० वेळा. मध्ये टेबलाला धक्का लागला की सगळे पहिल्यापासून.

'राजा हरिश्चंद्र'चे काम दादरच्या घरी सुमारे सात महिने चालले. पडदे, देखावे आणि रंगकाम फाळक्यांच्या देखरेखीखाली झाले. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग काळा आणि निळा रंग पांढरट दिसे, त्यामुळे डोळ्याला छान दिसणारा देखावा पडद्यावर भलताच निघू शकत होता. इथे त्यांची छायाचित्रणाची आणि छपाईची उमेदवारी कामी आली. सरस्वतीबाई दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश पाडत आणि रात्री अंधारात फिल्मला भोके पाडत. तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही, ते अण्णा साळुंके यांनी केले. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी.

नंतर मुक्काम नाशिकला हलला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये मारुती उडताना आकाशात लहान लहान होत जातो, आणि राम व सीता दोन्ही साळुंकेच. प्रमाण बदलले की अंतर दिसते, हा प्रतिकृतीचाच नियम त्यांनी पडद्यावर वापरला. खेळाची नाणी बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली असे सांगतात. 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

पैसा आला तसा गेलाही. १९१८ मध्ये भागीदारीत कंपनी झाली. हिशेब आणि वेळापत्रक पाहणारे भागीदार आणि काम मनासारखे झाल्याशिवाय हात न थांबवणारे फाळके यांचे जमले नाही. दोन्ही बाजू आम्हाला समजतात. फाळके सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिले, पुन्हा परतले. बोलपट आल्यावर त्यांच्या मूक चित्रपटांचा काळ संपला. १९३७ चा 'गंगावतरण' हा कोल्हापुरात केलेला त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा हाती फारसे काही उरले नव्हते. नव्वदहून अधिक चित्रपटांपैकी बहुतेक आज नाहीत, काहींचे तुकडे तेवढे राहिले. सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला.

आपल्या घरांत मुले दिवाळीत किल्ला करतात, पुठ्ठ्याचे वाडे करतात, विमाने जोडतात. अभ्यास सोडून काय चिकटवत बसलास, असे आपण सहज म्हणतो. आमची विनंती इतकीच, की यंदा किल्ल्याला एक प्रमाण ठरवून द्या. मावळा इंचभराचा असेल तर तट केवढा, दरवाजा केवढा, हा भागाकार मुलाला करू द्या आणि तटाला रंग देताना त्यात थोडा पांढरा मिसळायला सांगा. सुट्टीत एकदा कलाभवनच्या इमारतीवरून चक्कर मारा आणि आत कोण शिकले होते ते मुलांना सांगा.