ॲडेनॉर यांनी मान्य केलेले देणे

हरलेल्या देशाकडून खंडणी वसूल करणे ही युद्धाची जुनी रीत. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर ती लादली गेली आणि त्या संतापावर हिटलरने आपले राजकारण उभारले. म्हणूनच, त्याच जर्मनीत आपण होऊन देणे मान्य करणाऱ्या कोनराड ॲडेनॉर यांचे मला अप्रूप वाटते.

१८७६ साली कोलोनमध्ये जन्मलेले ॲडेनॉर १९१७ मध्ये त्याच शहराचे महापौर झाले. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना पदावरून हाकलले. पुढे दोनदा अटकही केली. १९४९ मध्ये ते पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले, तेव्हा वय होते ७३!

२७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी संसदेत ज्यूंच्या भरपाईची जबाबदारी स्वीकारली. पण द्यायचे कोणाला? युद्धकाळात इस्रायल अस्तित्वातच नव्हते. त्या देशाने हिशेब मांडला तो सुमारे ५ लाख निर्वासितांच्या पुनर्वसनाचा. रक्ताचे पैसे नकोत, म्हणून तिथेही दगडफेक झाली. इकडे जर्मन अर्थमंत्री शेफर तिजोरीकडे बोट दाखवत होते, अरब राष्ट्रे बहिष्काराची धमकी देत होती. मार्च १९५२ मध्ये ॲडेनॉर यांच्या नावच्या पार्सलमधील बाँबने म्युनिकमध्ये एका पोलिसाचा बळी घेतला.

तरीही १० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्गमध्ये सह्या झाल्या. इस्रायलला ३ अब्ज मार्क, तेही मुख्यतः मालाच्या रूपाने. शिवाय ज्यू संघटनांच्या परिषदेसाठी ४५ कोटी. मार्च १९५३ मध्ये संसदेत स्वपक्षाची मते पुरली नाहीत. करार तारला तो विरोधी सोशल डेमोक्रॅटांनी.

हा निव्वळ पश्चात्ताप होता, असे मी म्हणणार नाही. पाश्चात्त्य जगात गेलेली पत मिळवण्याचा हिशेबही त्यात होता. ज्यूविरोधी कायद्यांवर भाष्य लिहिणारे हान्स ग्लोबके त्यांचे उजवे हात होते. शिवाय १९५३ च्याच लंडन कर्ज कराराने परदेशी वेठबिगारांचे दावे अंतिम शांतता तहापर्यंत लांबणीवर टाकले. त्यांच्यासाठी निधी उभा राहिला तो थेट २००० साली. ॲडेनॉर १९६७ मध्येच वारले होते. आणि वेठबिगारांपैकी कितीतरी जण वाट पाहूनच गेले.

खरे दुखणे इथेच आहे. ज्यांच्या पाठीशी राष्ट्र वा संघटना होती, त्यांना लवकर मिळाले. एकट्यादुकट्याला थांबावे लागले. तरीही मतपेटीपेक्षा देणे मोठे मानणाऱ्या या म्हाताऱ्याला मी मानतो. भरपाईने मेलेली माणसे परत येत नाहीत. पण गुन्हा घडलाच नाही, असे म्हणायची सोय उरत नाही.